चपला मोजणाऱ्या मिलकाबाई

मिलकाबाई माणसं मोजत नसत, चपला मोजत. माणसाकडे बोट दाखवून एक, दोन, तीन म्हणणं त्यांच्यात बरं समजत नाहीत. त्यामुळे पुढच्या खोलीत प्रार्थनेला पुरुष जमू लागले की या बाई मागच्या दारानं बाहेर पडायच्या, घराला वळसा घालून ओट्यापाशी यायच्या आणि कमरेवर हात ठेवून पायरीवरच्या वहाणांकडे बघत उभ्या राहायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. दहा जोड भरले की पदरानं कपाळ पुसून आल्या वाटेनं परत. नऊच भरले तर तोंड असं व्हायचं की मला वाटे, आता रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्याची मानगूट धरून त्याला आत बसवतात की काय! आणि एकदा जवळजवळ तसंच केलं त्यांनी. ते पुढं येईलच.

मी टाकवे बुद्रुकची. लोणावळ्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि गावाहून रोज ये-जा जमेना, म्हणून खोली शोधत भांगरवाडीत त्यांच्या दारात उभी राहिले. दार उघडलं ते पांढरं पातळ, कोपरापर्यंत बाह्या आणि मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ घातलेल्या एका उंच बाईनं. दवाखान्यातल्या सुईण. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो वारलेला, घड्याळ त्याचं. मागची खोली भाड्यानं द्यायची होती. माझी जात, पगार, लग्न का झालं नाही, यातलं काहीएक न विचारता बाईंनी विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळी घरी असतेस का गो?"

मी म्हटलं, असते. झालं, खोली मिळाली.

कारण पहिल्याच शुक्रवारी कळलं. मिलकाबाई बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, मूळच्या अलिबागकडच्या. आमच्या गावाकडे या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि घाणा शनिवारी बंद. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या अंघोळ करून, टांगलेल्या काचेच्या पेल्यात खोबरेल घालून वात लावत. मनुका भिजवून, उकळून गाळलेलं सरबत पेल्यात, दोन चपात्या फडक्याखाली, बाजूला मीठ. मग डोळ्यांवर हात धरून त्यांच्या भाषेत आशीर्वाद म्हणत आणि थांबत. थांबून माझ्याकडे बघत. आपल्याच आशीर्वादाला आपण आमेन म्हणायचं नसतं, ते दुसऱ्या कुणी म्हणावं लागतं. नवरा गेला, मुलगा सून-नातवंडांसकट इस्रायलला गेला, आणि बाईंचा आशीर्वाद घरात तसाच लोंबकळत राहिला होता. त्यासाठी भाडेकरू ठेवला होता!

"मी कोण, माझं आमेन चालतं का तुमच्या देवाला?" मी विचारलं.

"त्याचं तो बघून घेईल. तू म्हण."

मी म्हटलं. पुढची बारा-तेरा वर्षं म्हणत राहिले.

स्वभावानं खडूस म्हणावं अशाच होत्या. मी घाईत 'न्हाई' म्हटलं की लगेच, "काय गो मास्तरीण, पोरींना पण असंच शिकवतेस का?" स्वतः मात्र दर वाक्याला 'गो' लावायच्या, ते चालायचं. भांडण झालं की मी दोन दिवस बोलत नसे, पण शुक्रवार आला की आमेनपुरतं तरी तोंड उघडावं लागे, आणि एकदा उघडलं की भांडण संपे. ही त्यांची युक्ती होती की योगायोग, ते मला आजवर कळलेलं नाही. हसायच्या कमी. रडताना मी त्यांना पाहिलंच नाही. पण शनिवारी दुपारी, सगळं काम बंद ठेवून त्या पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर एकट्या बसलेल्या असत, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. लोणावळ्यात बाजार भरलेला, चिक्कीच्या दुकानांपुढे सहलीच्या पोरांचा कालवा, आणि या एकट्या बाईच्या घरात सण.

त्या पुढच्या खोलीतच सगळी गोष्ट आहे. घाटावर गाड्या चालवणारी, सिग्नल सांभाळणारी त्यांच्यातली आठ-दहा घरं एके काळी लोणावळ्यात होती. देऊळ बांधायची कुणाची ऐपत नव्हती, तेव्हा मिलकाबाईंच्या नवऱ्यानं आपली पुढची खोलीच प्रार्थनेला दिली. कोकणातल्या त्यांच्या एका गावातली माणसं उठून गेली, तिथली तोरा, म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेली धर्माची मोठी गुंडाळी, त्यानं डोक्यावरून आणली. तिला ती माणसं सेफेर म्हणतात. पूर्वेच्या भिंतीला एक शिसवी कपाट, त्यावर मखमली पडदा, आत सेफेर, मखमलीचाच अंगरखा घातलेला. मी एकदा तिला पोथी म्हटलं तर बाईंनी मला असं काही झापलं की मी जन्मात पुन्हा तो शब्द काढला नाही.

मग एकेक घर बोटीनं इस्रायलला जाऊ लागलं. प्रत्येकजण जाताना पुढच्या खोलीत येऊन कपाटाला हात लावून ओठांशी नेई, मिलकाबाईंचे हात हातात घेई, आणि तुम्ही कधी येताय म्हणून विचारी. मुलाचंही तेच टुमणं. या म्हणायच्या, "तिथं म्हणे दहा पुरुष नुसते रस्त्यावर फिरत असतात. तिथं माझं काय काम?"

दहा पुरुष. त्यांच्यात तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमल्याशिवाय सेफेर उघडून वाचता येत नाही. नऊ असले तरी नाही. बायका शंभर असल्या तरी नाही, बायका त्यात धरतच नाहीत. लोणावळ्यात त्यांचे दहा पुरुष उरले नाहीत, तेव्हा पुण्याच्या मंडळींनी ठरवलं की वाचला जात नाही तो सेफेर असा ठेवणं बरं नव्हे. पण बाईंचं मन मोडू नये म्हणून एक सवलत दिली. उन्हाळ्याच्या शेवटाला त्यांचा शाबुओथ येतो, देवानं दहा आज्ञा दिल्या त्याचा सण. त्या सणाला या खोलीत दहा पुरुष जमून आज्ञा वाचल्या जातील तोवर सेफेर इथं राहील. ज्या वर्षी जमणार नाहीत, त्या वर्षी पुण्याला जाईल. मिलकाबाई म्हणाल्या, मान्य.

मी त्यांना म्हटलं, कशाला एवढी उरस्फोड करता, जाऊ दे की पुण्याला. शाबुओथला जमवाजमव, एरवी वर्षभर कपाट बंद. तेव्हा त्या भांडी घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सेफेर ज्या घरात असतो ते घर रिकामं नसतं गो. तो गेला की इथं मी एकटी."

तर वर्षातले अकरा महिने एकटेपणाचे आणि एक महिना शिकारीचा. मे महिन्यात मुंबईची माणसं हवा खायला लोणावळ्याला येत, त्यांत त्यांच्यातलीही चार कुटुंबं असत. बाई डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागावर राहायच्या. हॉटेलांच्या मॅनेजरांना भेटायच्या. कुणाचं ना कुणाचं बाळंतपण त्यांनी केलेलं असेच, त्यामुळे उतरलेल्या पाहुण्यांची नावं त्यांना कुणी नाकारत नसे. पहिलं नाव मोझेस, डॅनियल, सॅम्युएल असं काही, आणि आडनावाला कोकणातल्या गावाचं 'कर', की बाई दारात हजर. सणाच्या आदल्या दिवशी पुण्याहून अब्राहामकाका येत. ते त्यांचे हजान, प्रार्थना चालवणारे. वयस्कर, हळू बोलणारा, चांगला माणूस. सणाला प्रवास करायचा नसतो म्हणून दोन-तीन पुरुष बरोबर घेऊन ते आधीच येऊन राहत. बाकीचे बाईंनी भरायचे.

अब्राहामकाकांची मोजायची रीत वेगळी. त्यांच्याकडे दहा शब्दांचं एक वचन आहे, देवा तुझ्या माणसांना सांभाळ अशा अर्थाचं. ते एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द म्हणत. वचन पुरं झालं की दहा झाले. पुरं नाही झालं तर तोंडातल्या तोंडात अर्धवट सोडून देत. बायकांनी बसायचं ते मधल्या दाराच्या पडद्याआड; तिथून ते अर्धवट वचन मिलकाबाईंना ऐकू आलं की त्या डोळे मिटून घेत.

सणासाठी खोली हिरव्या पाल्यानं सजवायची असते. तो पाला आणायची कोंडाबाई, राजमाचीच्या वाटेवरच्या वाडीतली, करवंदं-जांभळं विकणारी. जांभळीचे टहाळे पाठीवरून खाली टाकत तिनं पहिल्या वर्षी विचारलं होतं, कुनाचं लगीन हाय? बाई म्हणाल्या, लग्नच समज. मंग नवरदेव कुटं? तर म्हणाल्या, तेच गोळा करतेय, दहा लागतात. कोंडाबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की टहाळ्यांवरच बसली.

या कोंडाबाईच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगायला हवी. मूल आडवं आलं म्हणून तिचा नवरा शनिवारी सकाळी बैलगाडी घेऊन धावत आला. जिवाचा प्रश्न असला की शनिवारचा नियम आड येत नाही, हे बाईंनी मला आधीच सांगितलेलं. बाळ काय वार बघून येतं? पिशवी उचलली, निघाल्या. पण गाडीत बसेनात. त्यांच्या आज्ञेत म्हणे माणसाबरोबर बैलालाही शनिवारची सुट्टी सांगितली आहे. तो बिचारा हातापाया पडतोय, आणि ह्या वहाणा काढून, पातळ खोचून डोंगराची वाट चालू लागल्या. त्या वाटेला गाडीपेक्षा चालणाराच लवकर पोचतो, हे त्यांना ठाऊक होतं म्हणा, पण बैलाचं कारण त्यांनी मनापासून दिलं होतं. मूल वाचलं, आई वाचली. गाडी रिकामी परत आली. कोंडाबाई ही हकीगत जन्मभर सांगत होती आणि दर वेळी शेवटी तोच प्रश्न विचारी: "बैलाचं बी नाव घेतलं तुमच्या देवानं, मंग बायांना का न्हाई मोजत? तू तर समद्या मावळाची बाळं काडलीस."

मिलकाबाईंचं उत्तर ठरलेलं, "मी मोजण्यातली नाही कोंडे, मी मोजणारी." आणि कामाला लागत.

आता ती मानगुटीची गोष्ट. एका वर्षी काही केल्या नऊच होत होते. सणाच्या आदल्या दिवशी बाई स्टेशनवर कसलंसं पार्सल सोडवायला गेल्या, तर खिडकीत नवा कारकून, समोर नावाची पाटी, सॅम्युएल वांबोरकर. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वांबोरी कुठं आली ते त्यांना माहीत नव्हतं, असेल रेवदंड्याच्या अलीकडे-पलीकडे, पण 'कर' होतं ना! विचारलं, शनिवारी काय करता? तो म्हणाला, ड्यूटी असते बाई, रविवारीसुद्धा असते, देवाचं काही होतच नाही. बाईंनी सुस्कारा सोडला, सगळ्यांचं तेच झालंय. मग म्हणाल्या, उद्या माझ्या घरी प्रार्थना आहे, दहा आज्ञा वाचायच्या आहेत. त्या माणसाचे डोळे भरून आले. नव्यानं बदलून आलेला, बायकामुलं नगर जिल्ह्यात, इथं ओळखीचं कुत्रं नाही, आणि ही बाई आपण होऊन प्रार्थनेला बोलावते आहे. येतो म्हणाला.

आला. अंगात धुतलेला कोट, हातात मोगऱ्याचा पुडा. बाईंनी दहा जोड मोजले आणि पदरानं कपाळ पुसलं. अब्राहामकाकांनी दहावा शब्द त्याच्याकडे बघून उच्चारला. सेफेर निघाला, उघडला, सगळे उभे राहिले, आज्ञा वाचून झाल्या. वांबोरकर डोक्यावर दिलेली टोपी सांभाळत सगळ्यांबरोबर उठत-बसत होता. भाषा कळत नव्हती, पण एखादं नवीन मिशन असेल असं त्यानं मनाशी धरलं होतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. मग मनुकांचं सरबत आणि खीर आली आणि कुणीतरी कौतुकानं म्हणालं, नव्या पाहुण्यांना दोन शब्द बोलू द्या. वांबोरकर उठला, डोळे मिटले, आणि या घरच्या माउलीला आशीर्वाद दे म्हणत त्यानं गोड आवाजात प्रभू येशूच्या नावानं प्रार्थना केली.

मी पडद्याआड होते. अब्राहामकाकांनी पेला खाली ठेवला.

त्या गरिबाला चूक कळली तेव्हा त्याचे कान लाल झाले. मिलकाबाई पडदा सारून बाहेर आल्या, त्याच्या हातात खिरीची वाटी परत दिली आणि संपवून जा म्हणाल्या. चूक माझी आहे, हे अब्राहामकाकांना तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं. काका रागावले नाहीत, पण म्हणाले, आजचं वाचन काही धरता येत नाही. सण दोन दिवसांचा आहे, उद्या बघू. उद्या कुठून आणणार दहावा? त्या रात्री बाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ माणसं भिंतीला टेकून बसलेली, बाई ओट्यावर. आणि दहाच्या सुमारास वांबोरकर एका घामाघूम तरुणाला दंडाला धरून घेऊन आला. झालं होतं असं की घाटाचं जादा इंजिन जोडायला-सोडायला सगळ्या गाड्या लोणावळ्याला बराच वेळ उभ्या राहतात. हा पठ्ठ्या वांबोरकर पहाटेपासून प्रत्येक गाडीच्या खिडक्याखिडक्यांतून, चिक्कीवाल्यांच्या ओरड्यात, बेने इस्रायल कुणी आहे का म्हणून विचारत फिरला होता. पुण्याकडे निघालेला एक औषधांचा विक्रेता सापडला. पेटीसकट उतरवून आणला.

अब्राहामकाकांपुढे पेच. सणाच्या दिवशी गाडीनं प्रवास करणारा, धंद्याला निघालेला माणूस चालतो का? त्यांनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, चालतो. पापी असला तरी आपला आहे. वाचन झालं. सेफेर राहिला. आम्ही सगळे इतके खूश, आणि मिलकाबाई पडद्याआड माझ्याशेजारी बसल्या होत्या, त्या कानात म्हणाल्या, "बघ गो. पापी चालतो, मी चालत नाही." एवढंच. आवाजात राग नव्हता.

तेव्हापासून वांबोरकर दर शाबुओथला गाड्या धुंडाळायचा आणि वाचनाला आमच्याबरोबर पडद्याआड येऊन बसायचा. मी, तो, मिलकाबाई, आणि मागच्या पायरीवर कोंडाबाई. न मोजलेल्यांची आमची बैठकच झाली म्हणा. मागच्या दाराशी आमच्या चपला एकमेकींवर पडलेल्या असायच्या, त्या कुणी मोजत नव्हतं.

पुढे वांबोरकर निवृत्त होऊन वांबोरीला गेला. मुंबईची ती कुटुंबंही इस्रायलला गेली, जी उरली ती हवा खायला दुसरीकडे जाऊ लागली. मिलकाबाईंची नोकरी संपली होती, गुडघे धरले होते, तरी मे महिन्यात काठी टेकत हॉटेलं पालथी घालायच्या. शेवटच्या वर्षी नऊ जमले होते आणि दहावे म्हणून तलावाकडच्या एका बंगल्यात उतरलेले एक म्हातारे गृहस्थ यायचे होते. सणाच्या पहाटे त्यांना दम लागला आणि मुलानं त्यांना मुंबईला हलवलं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ माणसं टहाळ्यांच्या सावलीत बसून राहिली. पाला सुकायला लागला होता, त्याचा वास येत होता. अब्राहामकाका आता पार थकलेले. सकाळपासून दोनदा त्यांनी वचन म्हटलं आणि दोन्ही वेळा नवव्या शब्दावर सोडून दिलं. शेवटी भिंतीला धरून उठले, कुणी येतंय का बघावं म्हणून ओट्यावर गेले. मी खिडकीत होते. त्यांनी पायरीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मलाही क्षणभर वाटलं, आला कुणीतरी. पायरीवर दहा जोड होते.

मग त्यांनी वाकून पाहिलं. दहावा जोड लहान होता. बायकी, अंगठा झिजलेला, एका पट्ट्याला पिन लावलेली.

"हे कुणाचे?" त्यांनी विचारलं.

मिलकाबाई घराला वळसा घालून आल्या होत्या, अनवाणी. "माझे," म्हणाल्या.

काका सावकाश सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "मिलकाबाई, नियम मी केलेला नाही."

"ठाऊक आहे. मोडा म्हणत नाही मी. सेफेर न्यायचाय, न्या. फक्त एकदा मोजा."

आतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता काका मान हलवून आत जातील. पण त्यांनी काठी उचलली, आणि पहिल्या जोडाशी टेकवून पहिला शब्द म्हटला. मग दुसरा. सावकाश, अगदी स्पष्ट, सबंध रस्त्याला ऐकू जाईल असे. नववा झाला. काठी पिनेच्या पट्ट्याशी टेकली आणि त्यांनी दहावा शब्द म्हटला. वचन पुरं झालं.

मिलकाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

सेफेर उघडला नाही. तेवढं काका करू शकत नव्हते आणि बाईंनी मागितलंही नाही. पण आत जाऊन काकांनी बायकांपुढचा पडदा बाजूला सारायला लावला आणि छापील मराठी पुस्तकातून दहा आज्ञा वाचल्या. सगळे उभे राहिले. बाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, ना आत ना बाहेर. चौथ्या आज्ञेत शनिवारी कुणाकुणाला विसावा द्यायचा ती नावं आली, मुलगा, मुलगी, चाकर, गुरं, दाराशी आलेला परका, तेव्हा मागच्या पायरीवरून कोंडाबाई अगदी हळू म्हणाली, ह्ये बघा, बैल. कुणी रागावलं नाही.

सण उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सेफेर निघाला. एका तरुणानं तो छातीशी धरला तर बाई म्हणाल्या, असं नाही, मानेखाली हात घाल. आणि त्याचा हात धरून नीट ठेवून दिला, हजार बाळं दुसऱ्यांच्या हातात दिली होती तसा. स्टेशनपर्यंत आल्या नाहीत. दारातूनच परत फिरल्या.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि मी लोणावळं सोडलं. अधूनमधून भेटायला जाईन म्हटलं होतं. कोण जातंय? शेवटचं गेले ते दोन वर्षांनी, तळेगावला लग्नाला आले होते तिथून, शुक्रवारीच. दिवस मावळत होता. मागच्या दाराकडे वळणार, तोच पुढच्या पायरीवर लक्ष गेलं. बरोबर मधोमध एक बायकी जोड ठेवलेला होता. शेजारची बाई म्हणाली, आता त्या पुढच्याच दारानं जातात-येतात, मागचं दार त्यांनी बंदच करून टाकलंय.

दार उघडं होतं. खोलीत काही नव्हतं, भिंतीला कपाटाच्या जागी फिकट चौकोन. बाई पाठमोऱ्या. खूप वाळल्या होत्या, घड्याळ कोपराकडे सरकलं होतं. त्यांनी पेल्यातली वात लावली, डोळ्यांवर हात धरले आणि आशीर्वाद म्हटला. शेवटपर्यंत म्हटला आणि थांबल्या. घरात कुणी नव्हतं. तरी त्या थांबल्या होत्या, डोळ्यांवरचे हात तसेच.

मी पायरीवरूनच म्हटलं, "आमेन."

त्या दचकल्या नाहीत. वळूनही पाहिलं नाही. हात खाली घेतले आणि वातीकडे बघत म्हणाल्या, "उशीर केलास गो मास्तरीण. ये आत. इथूनच ये."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवल्या.